पाऊणकी आणि ओहोटी



सुट्टी लागली की "कुठे जायचे?" हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आमच्या घरी त्याचे ठरलेले उत्तर आहे, चांगी. सिंगापूरच्या पूर्व टोकाला चांगी व्हिलेज आहे. २ किंवा २९ नंबरच्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेले की एका बाजूला खाण्याचे ठेले, दुसऱ्या बाजूला किनारा आणि धक्क्यावर पुलाऊ उबिन बेटाकडे जाणाऱ्या छोट्या होड्या दिसतात. या होड्यांना वेळापत्रक नसते. बारा माणसे जमली की होडी सुटते.

होडीला वेळापत्रक नसले तरी समुद्राला मात्र असते. ते वाचता आले नाही तर सहल फुकट जाते, आणि कधी कधी जिवावरही बेतू शकते. हे आम्ही कसे शिकलो ते या पाठात सांगणार आहोत.

आजोबांचा हिशेब

एका वर्षी वटपौर्णिमा जूनच्या सुट्टीत आली होती. मुलांचे आजोबा-आजी गुहागरहून आमच्याकडे आले होते. सकाळी पूजा झाली आणि मुलांनी चांगीला जायचा हट्ट धरला. त्यांना ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी वाळू आणि तिच्यावरचे प्राणी पाहायचे होते. आम्ही वेळ शोधायला फोन हातात घेतला, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "त्याला यंत्र कशाला हवे? आज पौर्णिमा ना? मग पाऊणकी म्हणा."

तुमच्यापैकी किती जणांना पाऊणकी माहीत आहे? पूर्वी शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी असे अपूर्णांकांचे पाढेही पाठ करून घेत. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. एकाची पाऊणपट पाऊण, दोनांची दीड, तीनांची सव्वादोन, चारांची तीन. कोकण किनाऱ्यावर हा पाढा समुद्रासाठी वापरतात. नियम असा: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. तीत सुमारे सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ मिळते. भरती आणि ओहोटी दिवसातून दोन-दोनदा येतात.

उदाहरणे पाहा.

षष्ठी: ६ ची पाऊणपट साडेचार. भरती साडेचारला, ओहोटी पावणेअकराला.
दशमी: १० ची पाऊणपट साडेसात. भरती साडेसातला, ओहोटी पावणेदोनला.
पौर्णिमा किंवा अमावास्या: १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, ओहोटी साडेपाचला.

पाऊणपटच का? चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच उशिरा येते. काटेकोर हिशेब केला तर एका तिथीला ४८ मिनिटे पडतात, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. म्हणजे दर तिथीला तीन मिनिटे कमी धरली जातात आणि पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तासाची चूक साठते. पण तोंडी हिशेबाला एवढी सूट चालते. होडी काढणाऱ्या माणसाला मिनिटांची गरज नसते.

चुकलेली संध्याकाळ

हिशेब मुलांना फार आवडला. ओहोटी साडेपाचला, म्हणून आम्ही पाच वाजताच चांगीच्या किनाऱ्यावर हजर. बादल्या नव्हत्या, कारण काही उचलून आणायचे नाही हे ठरलेले. भिंग आणि वही मात्र होती.

समुद्र जेमतेम दहा-बारा पावले मागे गेला होता. साडेपाच झाले, सहा झाले. पाणी आणखी हटेना आणि सव्वासहानंतर पुन्हा वर चढू लागले. ना वाळूचा दांडा, ना तारामासा. धाकटी म्हणाली, "आजोबा, तुमचं चुकलं." आजोबा काही बोलले नाहीत. परतीच्या बसमध्येही ते गप्पच होते. आम्हाला वाईट वाटले, कारण हिशेब आम्हालाही पटला होता.

रात्री आम्ही भरती-ओहोटीचा तक्ता काढला. सिंगापूरची मेरिटाइम अँड पोर्ट ऑथॉरिटी असे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक दिवसापुढे दोन गोष्टी छापलेल्या असतात. एका रकान्यात वेळ आणि दुसऱ्यात पाण्याची उंची, मीटरमध्ये. वेळ पाहिली तर आजोबांचा हिशेब थोड्या मिनिटांच्या फरकाने बरोबर होता! दुसऱ्या रकान्यात मात्र उलगडा झाला. त्या दिवशी दोन ओहोट्या होत्या. पहाटेच्या ओहोटीला पाणी अर्ध्या मीटरच्याही खाली गेले होते आणि संध्याकाळच्या ओहोटीला ते एक मीटरच्या वरच थांबले होते. पाऊणकी ओहोटी केव्हा येणार ते सांगते, पण किती खोल जाणार ते सांगत नाही.

दोन लाटांची बेरीज

कोकणात हा फरक एवढा का जाणवत नाही? मुंबईकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात साडेचार-पाच मीटरपर्यंत अंतर पडते. त्यामुळे दोन ओहोट्यांपैकी कोणतीही धरली तरी भरपूर किनारा उघडा पडतो. सिंगापूरला हे अंतर तीन मीटरच्या आसपास असते.

शिवाय इथल्या पाण्यात दोन लाटा मिसळलेल्या आहेत असे समजा. एक लाट दिवसातून दोनदा वरखाली होते. दुसरी दिवसातून एकदाच होते. ही दुसरी लाट दक्षिण चीन समुद्रात जोरदार आहे. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात तर काही ठिकाणी दिवसाला एकच भरती आणि एकच ओहोटी येते. सिंगापूरला दोन्ही लाटांची बेरीज होते. दोघींचे खळगे एकत्र आले की समुद्र खूप मागे हटतो. एकीचा खळगा आणि दुसरीचा उंचवटा एकत्र आले की ओहोटी अर्धवट राहते. म्हणून जूनच्या आसपास इथली खोल ओहोटी पहाटे येते आणि डिसेंबर-जानेवारीच्या आसपास संध्याकाळी. आम्ही जून महिन्यात डिसेंबरच्या वेळेला गेलो होतो!

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. पाऊणकीचा नियम जगातल्या प्रत्येक किनाऱ्याला लागू पडत नाही. सिंगापूरच्या घड्याळाशी तो जवळपास जुळतो हा योगायोग आहे.

पहाटेचा पाठ

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही टॅक्सीने पुन्हा चांगीला गेलो. तक्त्यात ओहोटी सहाच्या सुमाराला होती, म्हणून पाचलाच पोचलो. काळोख होता, विजेऱ्या होत्या, सगळ्यांच्या पायात बंद बूट होते. वाळूत काटेरी मासे आणि पाकट लपलेले असतात, त्यामुळे अनवाणी चालायचे नाही.

काल जिथे पाणी होते तिथे आज लांबवर वाळू होती. तिच्यावर समुद्री गवताचे हिरवे पट्टे होते. शंखात राहणारे खेकडे, वाळूत निम्मे रुतलेले तारामासे आणि भाकरीसारखे पसरलेले समुद्रफूल पाहताना मुले भान विसरली. किनाऱ्यापासून पुढे वाळूचा एक उंच दांडा होता. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये घोट्याएवढ्या पाण्याचा चर होता. तो ओलांडून आम्ही सगळे दांड्यावर गेलो.

आजोबा मात्र चराच्या अलीकडेच थांबले. मुलांनी हाका मारल्या तरी आले नाहीत. आम्हाला वाटले, कालचा राग अजून आहे. फटफटू लागले तेव्हा त्यांनी अचानक मोठ्याने हाक दिली, "चला, फिरा मागे! सगळे! आत्ता!" आम्ही समोर पाहिले. समुद्र शांत, होता तिथेच. मग मागे पाहिले. चरातले पाणी घोट्यावरून वर सरकले होते. धाकटीला कडेवर घेऊन परत येताना ते मोठ्यांच्या गुडघ्याला लागले. थोड्या वेळाने दांडा दिसेनासा झाला.

आजोबा एवढेच म्हणाले, "भरती समोरून येते असे वाटते. ती आधी सखल जागा भरते, म्हणजे आपल्या मागून येते." ते रागावलेले नव्हते. सगळे समोर बघत होते, म्हणून ते मागचे पाणी बघत उभे होते. धाकटीने त्यांचा हात धरला आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

चेक जावा कसा वाचला

चांगीच्या धक्क्यावरून होडीने उबिनला गेलात तर बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा नावाचा किनारा लागतो. सायकलने किंवा पायी जाता येते. वाळू, खडक, समुद्री गवत, पोवळ्यांचे तुकडे, खाजण आणि किनाऱ्यावरचे रान असे सहा प्रकारचे प्रदेश इथे एकमेकांना लागून आहेत. या किनाऱ्यावर भराव घालायचे ठरले होते. २००१ साली स्वयंसेवकांनी ओहोटीच्या वेळा गाठून तिथल्या जिवांच्या नोंदी केल्या. हजारो लोक ओहोटीला तिथे जाऊन आले. भरतीच्या वेळी कुणी गेले असते तर त्याला नुसते पाणी दिसले असते. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने भरावाचे काम पुढे ढकलले आणि किनारा राहिला. प्राणी पायाखाली तुडवले जाऊ नयेत म्हणून २००७ साली तिथे एक किलोमीटरहून लांब पूलवाट झाली. तिच्याजवळ सुमारे २० मीटर उंचीचा जेजावी मनोरा आहे. पूलवाटेवरूनही खूप दिसते, मात्र ओहोटीलाच.

सहलीला निघण्यापूर्वी

१. तक्त्यात वेळ आणि उंची, दोन्ही रकाने वाचा. आमच्या अनुभवाने ०.५ मीटरच्या खालची ओहोटी चांगली.
२. ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळताच परत फिरा.
३. बाराव्या हिश्श्याचा नियम लक्षात ठेवा. ओहोटीनंतर सहा तासांत पाणी चढते ते १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्श्यांनी. पहिला तास फसवा असतो. तिसऱ्या तासाला पाणी तिप्पट वेगाने चढते.
४. एका मोठ्या माणसाने प्राणी बघायचे नाहीत, फक्त मागचे पाणी बघायचे. आमच्या घरी या कामाला आता "आजोबांची पाळी" म्हणतात.

शब्दार्थ

उधाण: पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी भरती.
भांग: अष्टमीच्या सुमाराची लहान भरती.
सुकती: ओहोटी (कोकणातला शब्द).
खाजण: भरतीचे पाणी आत शिरते अशी दलदलीची जमीन.
चर: लांबट, सखल खळगा.

स्वाध्याय

१. पाऊणकी १ पासून १५ पर्यंत लिहा व पाठ करा.
२. अष्टमीला पूर्ण भरती किती वाजता येईल? ओहोटी किती वाजता?
३. एका दिवशी ओहोटी व भरतीच्या उंचीत २.४ मीटर फरक आहे. बाराव्या हिश्श्याच्या नियमाने ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी किती सेंटिमीटर चढेल? तिसऱ्या तासात?
४. शेजारच्या चिनी घरातील किंवा दुकानातील भिंतीवरचे रोज फाडायचे कॅलेंडर पाहा. त्यावरील चांद्र तारीख १५ च्या पुढे असेल तर त्यातून १५ वजा करा. तो आकडा आपल्या तिथीशी जुळतो का? एखाद्या दिवसाचा फरक पडतो का?
५. आपल्या आजी-आजोबांना फोन करून विचारा: त्यांना तोंडी येणारा असा एखादा हिशेब कोणता? तो पाच ओळींत लिहून आणा.

उत्तरे पुढच्या वर्गात तपासू.