गाडी चालवतं कोण आणि कागद कुणाच्या नावावर?



गटाच्या कर्जातून म्हैस घेतली की आपण तिचा विमा विचारतो, टॅग बघतो, पशुसखीला बोलावतो. स्कूटी घेतली की मात्र पेढे वाटून मोकळे! वढू बुद्रुक आणि आसपासच्या गटांतून आता स्कूटीसाठी कर्जमागणी येते, आणि ती योग्यच आहे. सणसवाडीला पहिल्या पाळीला पोचायचं, डेअरीला दूध घालायचं, शिकरापूरला बँकेत जायचं, तर बसची नाहीतर रिक्षाची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून या महिन्याचा पाठ गाडीचा. बैठकीत कुणीतरी मोठ्यानं वाचा आणि गाडीवाल्या तायांना मध्ये मध्ये बोलू द्या. कोणत्या गॅरेजवाल्यानं विनाकारण पार्ट बदलला, हे त्यांनाच माहीत असतं.

आधी कागद. बैठकीत दोन प्रश्न विचारा: गाडी कोण चालवतं? आरसी बुकावर नाव कुणाचं? बऱ्याच घरांत हप्ता ताई भरते, गाडीही तीच चालवते आणि नाव दादांचं असतं. "नावात काय एवढं?" असं कुणी म्हणेल. तर ऐका.

गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात कवच असतं. मृत्यू झाला किंवा कायमचं मोठं अपंगत्व आलं तर ते उपयोगी पडतं. पण त्यासाठी गाडी चालवणारीच आरसीवर मालक असावी लागते, पॉलिसीवर तिचंच नाव लागतं आणि तिच्याकडे चालू लायसन लागतं. गाडी दादांच्या नावावर, चालवत होती ताई, अपघात ताईला झाला, तर हे १५ लाख तिच्या लेकरांना मिळत नाहीत. कर्जाचा हप्ता तेवढा उरतो.

आणखी एक. नवीन दुचाकीला थर्ड पार्टी विमा ५ वर्षांचा मिळतो, त्यामुळे "आपला पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे" असं आपण धरून चालतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि हे अपघात कवच कधी कधी एकाच वर्षाचं असतं. पॉलिसीवर प्रत्येकाची तारीख वेगळी छापलेली असते. बोट ठेवून वाचा.

नवीन गाडी घेताना स्वतःच्याच नावावर घ्या. जुनी असेल तर आरटीओत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदलता येतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. मग पॉलिसीवरचं नावही बदलून घ्यायचं, हे विसरू नका. तोवर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू ठेवा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, आणि तिथं गाडी कुणाची हे बघत नाहीत.

लायसनचं थोडक्यात. लर्निंग काढल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते, लर्निंग ६ महिने चालतं. विनागिअरच्या लायसनवर घरातली गिअरची मोटरसायकल चालत नाही. लायसन नसताना पकडलं तर ५ हजारांपर्यंत दंड आहे. आणि पोराला १८ च्या आत गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी आपल्या नावावर करताना किल्लीही आपल्या ताब्यात ठेवायची, असा त्याचा अर्थ.

आता गाडीकडे. हवा आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी पळवायच्या आधी तपासा; पळून टायर तापला की आकडा जास्त दाखवतो. किती भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. स्कूटीच्या मागच्या चाकाला पुढच्यापेक्षा जास्त लागते. पंपावरच्या पोराला "अंदाजे भर" म्हणू नका, आकडा सांगा. आपल्याकडे धूळ फार, म्हणून एअर फिल्टर वेळेच्या आधीच भरतो. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते, असं झालं तर इंजिन उघडू देण्याआधी फिल्टर बघायला सांगा. बदललेला पार्ट नेहमी मागून घ्या. ब्रेकची दांडी मुठीपर्यंत दाबली जात असेल तर त्याच दिवशी गॅरेज, उद्या नाही. २०१९ पासूनच्या बहुतेक स्कूटींना डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, तरी दोन्ही हातांनी दाबायची सवय ठेवा. खडीवर, वाळूवर हँडल सरळ ठेवून हळूहळू दाबा.

साडीचा, ओढणीचा पदर खोचल्याशिवाय बसू नका. मागच्या चाकाला कपडा अडकू नये म्हणून जाळी असणं नियमातच आहे; ती खडखडते म्हणून काढून टाकणारे मिस्त्री भेटतात, त्यांना काढू देऊ नका. दुधाच्या किटल्या एकाच बाजूला लटकवल्या तर वळणावर गाडी त्या बाजूला ओढते.

रस्त्याचं सगळ्यांत अवघड ठिकाण म्हणजे कोरेगाव भीमाला नगर रस्त्याला लागतो ते, आणि पुढे शिकरापूरहून चाकणकडे जाणारा कंटेनरचा रस्ता. ट्रकच्या डाव्या बाजूनं पुढं घुसायचं नाही. ड्रायव्हरच्या आरशात त्याचं तोंड आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. ताशी ४० च्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ब्रेकवर हात जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं. ऊसतोडीच्या दिवसांत अंधारात बिनलाईटच्या ट्रॉल्या उभ्या असतात, तेव्हा शक्यतो दिवसाउजेडी घरी या. फाल्गुन अमावास्येला वढूत समाधीस्थळी गर्दी असते, १ जानेवारीला पेरण्याकडच्या गर्दीमुळे नगर रस्त्याची वाहतूक वळवतात. त्या दिवशी कामाची वेळ आधीच ठरवून घ्या.

हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावून. मागे बसणारीलाही आणि ४ वर्षांपुढच्या लेकरालाही कायद्यानं लागतं. "गावातल्या गावात कशाला?" हे मी दर बैठकीत ऐकते. गावातल्या रस्त्याचं डांबर काही मऊ नसतं.

पुढच्या बैठकीला गाडीवाल्या तायांनी आरसी, पॉलिसी आणि लायसन तिन्ही घेऊन या. सचिव ताईंनी नाव आणि संपण्याच्या तारखा कर्ज रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहायच्या आहेत. ज्यांचं नाव आरसीवर नाही, त्यांची यादी ग्रामसंघाकडे द्या. आरटीओला सगळ्या मिळून एकाच दिवशी जाऊ.