बंगळूरचें विधानसौध

देश स्वतंत्र झाला म्हणजे त्यास आपल्या नव्या सत्तेला शोभेल असें घर हवेंसें वाटूं लागतें. या दृष्टीनें म्हैसूर राज्यानें बंगळुरास बांधलेलें विधानसौध अभ्यास करण्यासारखें आहे.

त्याच्या बरोबर समोर, कब्बन उद्यानाच्या कडेस, तांबड्या रंगाची व युरोपीय धर्तीच्या खांबांची 'अठारा कचेरी' उभी आहे. इंग्रज कमिशनरांच्या अमदानींत, १८६८ सालीं, ती पुरी झाली. राज्याचीं अठरा खातीं तींत होतीं, म्हणून हें नांव. पुढें तेथें हायकोर्ट आलें. स्वातंत्र्यानंतर कायदेमंडळास जागा हवी झाली, तेव्हां १३ जुलै १९५१ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरूंनीं नव्या इमारतीची कोनशिला बसविली. मूळचा बेत साधा होता. १९५२ सालीं मुख्यमंत्री झालेल्या केंगल हनुमंतय्यांनीं तो पार बदलला. शहर पाहावयास आलेल्या कांहीं रशियन पाहुण्यांनीं, येथील सर्व इमारती युरोपीय घाटाच्याच कशा, असें त्यांस विचारल्याची हकीकत सांगतात. प्रश्न जिव्हारीं लागण्यासारखाच होता.

त्याचें उत्तर ७०० फूट लांब व ३५० फूट रुंद आहे. पूर्वेस दोनशें फुटांहून रुंद असा ४५ पायऱ्यांचा जिना, त्याच्या माथ्यावर ४० फूट उंचीचे बारा खांब, मध्यें ६० फूट व्यासाचा घुमट व त्यावर अशोकाचे सिंह. दगड बंगळूरच्या आसपासचाच, ग्रॅनाइट. तो संगमरवरासारखा छिन्नीस सहज वश होत नाहीं. म्हणून पाथरवट, गवंडी व सुतार मिळून सुमारें दीड हजार कारागीर आणि पांच हजारांवर मजूर येथें खपले. मजुरांत तुरुंगांतील कैदीही होते. स्वातंत्र्याचें हें मंदिर उभारणाऱ्या हातांपैकीं कांहीं हात बंदिवानांचे होते, ही गोष्ट त्या पायऱ्या चढणाऱ्याच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

खांब व नक्षी द्राविड देवळांची आठवण देतात. घुमट मात्र त्या देवळांतला नव्हे. 'निव्वळ आपलें' म्हणून जें उभारलें, त्यांतही असें मिश्रण झालेंच. आम्हांस यांत उणेपणा वाटत नाहीं.

खर्च सुमारें पावणेदोन कोटी रुपयांवर गेला. तेवढ्या पैशांत किती शाळा व विहिरी झाल्या असत्या, हा प्रश्न रास्त आहे व तो अभिमानाच्या नांवाखालीं दडपूं नये. टीका पुष्कळ झाली. ऑगस्ट १९५६ मध्यें स्वपक्षांतील विरोधामुळें हनुमंतय्यांचें मुख्यमंत्रिपद गेलें, आणि त्याच वर्षीं इमारत पुरी झाली. लगेच १ नोव्हेंबर रोजीं मुंबई, हैदराबाद, मद्रास व कुर्ग येथील कानडी मुलूख म्हैसुरास जोडला गेला. लहान राज्यास जें घर फार मोठें दिसत होतें, तें नव्या राज्यास बेताचें ठरलें. २००५ सालीं शेजारीं त्याच धर्तीचें विकाससौध उघडावें लागलें.

प्रवेशद्वारावर 'सरकारी काम म्हणजे देवाचें काम' या अर्थाचें वाक्य कोरलें आहे. साऱ्या इमारतींत हेंच सर्वांत धाडसाचें काम होय. खांबांची परीक्षा ऊन व पाऊस घेतात. या वाक्याची परीक्षा हातांत अर्ज घेऊन आलेला शेतकरी घेतो.

मराठी वाचकास या घाटाची दुसरी एक इमारत ठाऊक असेल. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानें २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत दाखल केला. त्यानंतर कर्नाटकानें बेळगांवास सुवर्ण विधानसौध बांधलें व २०१२ मध्यें तें उघडलें. बंगळुरांत परसत्तेस उत्तर म्हणून जो घाट घडला, तोच तेथें शेजाऱ्यास उत्तर म्हणून उभा आहे.