आरागॉनचे पडके किल्ले

स्पेन आणि फ्रान्स या दोन देशांच्या सीमेवर पिरेनीज पर्वताची रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. तिच्या दक्षिण उतरणीवर आरागॉन हा प्रांत वसला आहे. उंच हिमशिखरे मागे टाकून प्रवासी दक्षिणेकडे निघाला, तरी डोंगर एकदम संपत नाहीत. चुनखडीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांची आणखी एक रांग आडवी येते आणि तिच्या पायथ्यापासून वेस्का शहराभोवतीचे सपाट मैदान सुरू होते. डोंगर आणि मैदान यांची जेथे गाठ पडते, नेमक्या त्याच कडेवर जुन्या किल्ल्यांचे अवशेष जागोजागी विखुरलेले आढळतात.

ते तेथेच का आहेत, हे समजण्यासाठी हजार वर्षे मागे जावे लागते. इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम सैन्य स्पेनमध्ये उतरले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक देश त्याच्या अमलाखाली आला. उत्तरेकडील डोंगरी मुलूख तेवढा ख्रिस्ती सरदारांकडे राहिला. मैदानात सुपीक शेते, पाटाचे पाणी, गजबजलेले बाजार आणि तटबंदीची शहरे होती. डोंगरात थंडी, मेंढ्यांचे कळप आणि थोडीशी शेती. अकराव्या शतकाच्या आरंभी टेकड्यांची ही रांग म्हणजे दोन्ही सत्तांमधील सरहद्द होऊन बसली होती. नवाराचा राजा सांचो तिसरा याने या सरहद्दीवर किल्ले उभारले. खालच्या मैदानावर नजर ठेवावी, शत्रू दिसताच धुराने वा जाळाने पुढच्या ठाण्यास इशारा द्यावा आणि संधी मिळताच खाली उतरावे, हा त्यांचा हेतू होता. या किल्ल्यांत लोआरे हा सर्वांत प्रसिद्ध आहे.

लोआरेचा किल्ला समुद्रसपाटीपासून १०७१ मीटर उंचीवर आहे. हा आकडा ध्यानात ठेवणे सोपे जाते. कारण किल्ल्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे सालही तेच आहे. खालच्या गावातून वर पाहिले, तर किल्ला कोठे सुरू होतो आणि खडक कोठे संपतो, हे प्रथम कळत नाही, इतका दोहोंचा रंग एकमेकांत मिसळून गेला आहे. चढण चढून गेल्यावर आधी बाहेरचा तट लागतो. हा तट मूळ किल्ल्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी बांधलेला आहे. त्याचे बहुतेक बुरूज अर्धवर्तुळाकार असून आतल्या बाजूने उघडे आहेत. बांधणाऱ्यांनी काम अर्धवट सोडले असावे, असे नवख्याला वाटते. परंतु त्यात मोठी युक्ती आहे. शत्रूने एखादा बुरूज जिंकलाच, तर त्याला पाठीमागे आडोसा मिळू नये आणि आतील लोकांना त्याच्यावर नेम धरता यावा, म्हणून ही पाठ मोकळी ठेवलेली आहे.

तटाच्या आत मुख्य किल्ला थेट खडकावर चढवलेला आहे. पायाखाली माती नसल्यामुळे भिंतीखाली भुयार खणून ती पाडण्याची सोय शत्रूला उरली नाही. दरवाजातून आत शिरताच अर्धगोल कमानीच्या छताखालून दगडी जिना वर जातो. जिन्याच्या एका अंगास पहारेकऱ्यांची खोली आणि दुसऱ्या अंगास संत किटेरियाचे छोटेसे प्रार्थनागृह आहे. सैनिक आणि साधू यांची बिऱ्हाडे अशी समोरासमोर पाहून प्रवाशास नवल वाटते. त्याचे कारण त्या १०७१ या सालात आहे. सांचो तिसऱ्याचा नातू सांचो रामीरेझ हा त्या वेळी आरागॉनचा राजा होता. त्याने किल्ल्यात ऑगस्टीन पंथाच्या धर्मोपदेशकांचा मठ स्थापला आणि पोप अलेक्झांडर दुसरा याने त्या वर्षी या मठास मान्यता दिली. लहानशा डोंगरी राज्याला रोमच्या धर्मपीठाचा पाठिंबा मिळाला, ही गोष्ट त्या काळी शेकडो घोडेस्वारांच्या तोडीची होती.

मठासाठी बांधलेले संत पीटरचे मंदिर हे लोआरेचे वैभव होय. खालच्या प्रार्थनागृहाच्या आणि जिन्याच्या माथ्यावर, खडकाला टेकून ते उभे आहे. भिंती चौकोनात उभ्या आहेत आणि वर घुमट मात्र गोल आहे. कोपऱ्यांत लहान लहान कमानी घालून कारागिरांनी चौकोनाचे वर्तुळ कसे केले, हे मान वर करून सावकाश पाहण्यासारखे आहे. जमिनीपासून घुमटाची उंची सुमारे २६ मीटर भरते. एवढा घुमट किल्ल्याच्या पोटात असेल, अशी बाहेरून कल्पनाही येत नाही. मंदिरापलीकडे पावसाचे पाणी साठवण्याचे टाके, कोठारे आणि दोन जुने बुरूज आहेत. त्यांतील थोरला बुरूज २२ मीटर उंच असून पूर्वी तो इतर इमारतींपासून सुटा होता. त्याचे दार जमिनीपासून बरेच उंच होते आणि लाकडी पुलावरूनच तेथे जाता येत असे. बाकी सर्व किल्ला पडला, तरी पूल काढून घेऊन या बुरुजात शेवटची झुंज देता यावी, अशी ती योजना होती.

किल्ल्याभोवती दंतकथाही पुष्कळ आहेत. मुस्लिम सैन्यास स्पेनचे दार उघडून देणारा फितूर सरदार काउंट ज्युलियन हा येथेच कैदेत मेला आणि येथेच पुरला गेला, असे सांगतात. तो ज्या काळात होऊन गेला, त्यानंतर तीनशे वर्षांनी हा किल्ला बांधला गेला. परंतु दंतकथेला सनावळीची फिकीर नसते.

थोरल्या बुरुजाच्या माथ्यावरून खाली पाहिले म्हणजे किल्ल्याचे प्रयोजन डोळ्यांपुढे उभे राहते. जवळच बोलेआचे गाव दिसते. ते त्या वेळी शत्रूचे ठाणे होते. त्याच्या पलीकडे मैदान आणि दूरवर वेस्काची दिशा. रोज सकाळी पहारेकरी ज्या शेतांकडे पाहत, ती शेते त्यांची नव्हती. लोआरेच्या बांधणीपासून सुमारे ऐंशी वर्षे हा पहारा चालला. सांचो रामीरेझने वेस्काच्या अगदी दाराशी, एका टेकडीवर मोंतेआरागोन नावाचा दुसरा किल्ला बांधून शहराची कोंडी केली. १०९४ मध्ये त्याने वेस्कास वेढा घातला. तटातील कमकुवत जागा दाखविण्यासाठी त्याने हात उंचावला आणि तेवढ्यात बगलेत बाण लागून तो कोसळला, असे जुन्या बखरीत म्हटले आहे. वेढा उठवणार नाही, अशी शपथ त्याने मरण्यापूर्वी मुलांकडून घेतली, असेही त्या बखरीत आहे. त्याचा मुलगा पेद्रो याने १०९६ मध्ये वेस्का घेतले, ११०१ मध्ये बोलेआ घेतले. आणि पेद्रोचा भाऊ आल्फोन्सो याने १११८ मध्ये खुद्द सारागोसा जिंकले.

अशा रीतीने सरहद्द दक्षिणेकडे सरकली आणि लोआरे मागे राहिले. ज्या कामासाठी ते बांधले होते, ते काम झाले. धर्मोपदेशकांचे ठाणेही मोंतेआरागोनला गेले. तटाच्या आडोशाने वसलेली वस्ती मात्र बराच काळ तेथेच राहिली. वाऱ्यात आणि थंडीत वर राहण्याचे कारण उरले नव्हते. तरी पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लोकांनी जागा सोडली नाही. मग ते खाली उतरले आणि आजचे लोआरे गाव वसले. नव्या बांधकामासाठी त्यांनी किल्ल्यावरचे दगड नेले, यात नवल नाही. घडवलेला दगड फुकट मिळत असता खाणीकडे कोण जाणार?

तरीही लोआरेचा गाभा शाबूत राहिला. कोणी श्रीमंत मठाधिपती तेथे राहिला नाही, म्हणून जुने मंदिर पाडून नवे बांधण्याची हौस कोणास झाली नाही. अकराव्या शतकातील कमानी जशाच्या तशा उरल्या, त्या या उपेक्षेमुळे. १९०६ मध्ये स्पेनच्या सरकारने किल्ल्यास राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले आणि पुढे त्याची डागडुजी झाली.

लोआरेच्या पश्चिमेस मार्क्वेय्योचा किल्ला आहे. तोही सांचो तिसऱ्याच्या काळचा. परंतु तेथे एका बुरुजाच्या भिंतींचा थोडा भाग तेवढा उभा आहे. तेथे जावयाचे ते बांधकामासाठी नव्हे, तर जागेसाठी. समोर खोल दरीत गाय्येगो नदी वाहते आणि तिच्या काठी रिग्लोसचे तांबूस कडे सुमारे ३०० मीटर सरळ उभे आहेत. गिधाडे या कड्यांत घरटी करतात आणि प्रवाशाच्या पायांखालून घिरट्या घालतात.

मोंतेआरागोनचे दैव निराळे. वेस्का जिंकल्यावर तो मोठ्या उत्पन्नाचा मठ झाला. सारागोसा जिंकणारा आल्फोन्सो ११३४ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याला तेथेच पुरले. सातशे वर्षे मठ नांदला आणि पिढ्यापिढ्यांच्या हौसेप्रमाणे तेथे फेरबदल होत राहिले. १८३० नंतरच्या दशकात सरकारने देशभरातील मठांची मालमत्ता जप्त करून विकण्यास काढली. त्यात हाही गेला. पुढे आग लागली, छपरे कोसळली. राजाच्या अस्थी वेस्कातील संत पीटरच्या जुन्या मंदिरात हलवाव्या लागल्या. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली, तेव्हा वेस्काभोवती आघाडी पडली आणि या पडक्या भिंतींआड पुन्हा एकदा शिबंदी येऊन बसली. ज्या टेकडीवरून सांचो रामीरेझने शहर न्याहाळले होते, तिच्यासाठी सप्टेंबर महिन्यात लढाई झाली.

आज वेस्कातून पूर्वेकडे निघालेल्या प्रवाशास पाचसहा किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावर, मोंतेआरागोनचा मोडका तट दिसतो. आता तेथे पहारा नाही. टेकडीखालच्या शेतांत नांगर चालतात.