सहाशे रुपये कुठं गेले?

छकुले, काल फोनवर तुझा आवाज चढला होता. मेहकरात पंचायत समितीच्या प्रशिक्षणाला जेवण पुरवलंस, 60,000 चं बिल लावलंस आणि खात्यात पडले 59,400. "ताई, माझे सहाशे कोणी खाल्ले वं?"

कोणी नाही खाल्ले, बाई. तो टीडीएस. एक बिल 30,000 च्या वर किंवा वर्षाची बेरीज लाखाच्या वर गेली, की सरकारी कचेरी एकट्या माणसाच्या बिलातून 1 टक्का कापते आणि त्याच्या पॅनवर भरते. पैसे तुझेच, फक्त आयकर खात्याकडे ठेवलेले. पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, तेवढं बघ. नाहीतर 1 चे थेट 20 टक्के होतात.

पण सहाशेंच्या पाठोपाठ साठ हजारांचा आकडाही तिकडे पोचलाय. कुणाला किती दिले, किती कापले, हे कचेरी दर तिमाहीला पॅनवार कळवते. तेच आयकर पोर्टलवर, 2021 पासून एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात दिसतं. तू वही उघडायच्या आधीच तुझा अर्धा हिशेब तिथे मांडलेला असतो.

मी पहिल्या वर्षी काय केलं, ठाऊक आहे? पासबुक घेतलं, जमा रकमा जोडल्या आणि तीच उलाढाल म्हणून लिहिली. कापलेला कर मात्र पूर्ण मागितला. नोटीस आली, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. चूक एवढीच, की बिलाची रक्कम सोडून मी हातात आलेली लिहिली होती.

म्हणून वहीत चार रकाने आख: बिलाची तारीख, बिलाची रक्कम, कपात, खात्यात आले त्याची तारीख. मार्चअखेरीस बिलांची कशी झुंबड उडते, ते तू पाहतेसच. मार्चचं काम एप्रिलात पास झालं, तर कपात पुढच्या वर्षात दिसते. विवरणपत्र भरणाऱ्याला दोन्ही तारखा दाखव. कपात दिसलीच नाही, तर कचेरीतल्या अकाउंटंटला भेट. पॅनचं एक अक्षर चुकलं असेल, तर दुरुस्ती त्यांनाच करावी लागते. आणि कपातीचा दाखला मागायला लाजू नको.

आता गोडाचं. समज, वर्षाची बिलं चार लाखांची, पैसे सगळे बँकेतून. छोट्या धंद्याला 6 टक्के नफा, म्हणजे 24,000 दाखवायची सोय आहे. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखव. दुसरी मोठी कमाई नसेल तर कर शून्य, आणि कापलेले 4,000 परत. मात्र विवरणपत्र भरलंस तरच. "आपल्याला कुठं कर लागतो" म्हणत बसणाऱ्या कितीतरी बाया तेवढ्यावर पाणी सोडतात.

रविवारी वही घेऊन बुलडाण्याला ये. पोर्टल उघडून सहाशे कुठं बसलेत, ते तुझ्याच डोळ्यांनी बघ.