उष्णतेला वाट

संगणकाच्या पडद्यावर धावणारे घोडे अथवा उसळणाऱ्या लाटा दिसतात, तेव्हा ते प्रत्येक चित्र आकडेमोड करून क्षणोक्षणी नव्याने रेखाटावे लागते. हे काम करणाऱ्या भागास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने २०२२ साली ‘आरटीएक्स ४०९०’ नावाचे एक बलाढ्य कार्ड बाजारात आणले. ते फूटभर लांब असून त्याचे वजन दोन किलोग्रॅमांहून अधिक होते. परंतु त्यातील आकडेमोड करणारी चिप पाहू गेल्यास ती आगपेटीहूनही लहान, अवघी ६०८ चौरस मिलिमीटर! मग उरलेले एवढे धूड कशासाठी?

ते मुख्यतः उष्णतेसाठी. पूर्ण भार असताना हे कार्ड ४५० वॉट वीज घेते आणि त्या विजेची अखेर उष्णताच होते. इस्त्री याहून अधिक वीज घेते हे खरे. पण तिची उष्णता रुंद तळावर पसरलेली असते, शिवाय तिने तापावे हीच आपली इच्छा असते. येथे त्या उष्णतेचा फार मोठा भाग एका चिमुकल्या तुकड्यात कोंडतो. चिप ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की ती स्वतःच आपला वेग कमी करते. तसे न केल्यास तिचा नाश ओढवेल.

म्हणून चिपला लागूनच तांब्याची एक चपटी, पोकळ पेटी बसवलेली असते. पेटीतील हवा काढून घेऊन तीत किंचित पाणी ठेवतात. उंच पर्वतावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी लवकर उकळते. या पेटीत तर ते त्याहूनही लवकर उकळते. वाफ पेटीभर पसरते आणि थंड बाजूस लागताच, भाताच्या पातेल्यावरील झाकणाला धरावे तसे तिचे पुन्हा पाणी होते. समईच्या वातीतून तेल चढते, त्याचप्रमाणे हे पाणी आतील सच्छिद्र अस्तरातून चिपकडे परतते. पंप नाही की चाक नाही, तरी हा फेरा अखंड चालू राहतो!

पुढे ही उष्णता ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या दाट रांगांत जाते. पत्रे अनेक असल्यामुळे हवेला पुष्कळ पृष्ठभाग मिळतो, आणि दोन पंखे त्यांमधून वारा खेळवतात. या साऱ्या धातूचे ओझे मात्र कार्डालाच वाहावे लागते. पुष्कळ संगणकांत ते एका टोकाशी स्क्रूने आवळून आडवे बसवलेले असते. आधार न दिल्यास दुसरे टोक हळूहळू खाली झुकते.

२०२५ साली आलेल्या ‘आरटीएक्स ५०९०’ कार्डाची भूक ५७५ वॉटांची होती. तरीही कंपनीने स्वतः घडवलेले ते कार्ड आधीच्याहून सडपातळ निघाले, ही मोठी कौतुकाची गोष्ट होय. कारागिरांनी विद्युतफलक आखूड करून मधोमध ठेवला. त्यामुळे दोन्ही टोके मोकळी झाली आणि पंख्यांचा वारा पत्र्यांतून सरळ आरपार जाऊ लागला.