शाळेची तयारी आणि पेरणी

आपली शाळा जूनच्या मध्यात उघडते. तेव्हाच मिरगाचा पाऊस पडतो अन् पेरणीची घाई असते. मग धाकटं पोर कोण सांभाळणार? काही घरी ताईची शाळा बुडते. म्हणून तयारी मे महिन्यातच करावी.

१. जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून कच्ची वही करावी.
२. दप्तराचा उसवलेला पट्टा शिवावा.
३. पुस्तके शाळेत मोफत मिळतात. त्यांना वर्तमानपत्राचे कव्हर घालावे.
४. पाणी, झाडलोट भावाबहिणींनी वाटून घ्यावी. मुलग्यांनी लाजू नये.
५. तीन वर्षांचे पोर अंगणवाडीत घालावे. त्याहून लहान असेल तर आजीकडे ठेवावे.

पालकांना विनंती, पहिल्या दिवसापासून ताईलाही शाळेत पाठवा. पेरणी चार-आठ दिवसांत उरकते, पण बुडालेला अभ्यास लवकर भरून निघत नाही.