एसईलिनक्स चालू असताना पॅकेज मोकाट का?

प्रश्न : फेडोरावर एसईलिनक्स ‘एन्फोर्सिंग’ आहे. तरीही बाहेरून उतरवलेल्या आरपीएम पॅकेजच्या स्क्रिप्टने माझ्या सेटिंग फाइल बदलल्या. मग हा पहारा कशासाठी?

उत्तर : पहारा आहे, पण या दारावर तो मुद्दाम सैल ठेवलेला आहे. पॅकेज बसवणाऱ्या डीएनएफसाठी ‘आरपीएम_टी’ हे डोमेन, म्हणजे अधिकारांची चौकट, आहे आणि पॅकेजमधल्या स्क्रिप्टसाठी ‘आरपीएम_स्क्रिप्ट_टी’. फेडोराच्या नेहमीच्या ‘टार्गेटेड’ धोरणात या दोन्हींना जवळजवळ सगळी मुभा असते. कारण उघड आहे. पॅकेज कर्नल बसवते, वापरकर्ते तयार करते, सेवा सुरू करते, शिवाय प्रत्येक फाइलवर एसईलिनक्सचे योग्य लेबलही लावते. जो लेबले वाटतो, त्याला लेबलांनी बांधणार कसे? ही डोमेन आवळण्याचा खटाटोप घरच्या संगणकावर करू नका. पुढचे अपडेट अर्ध्यावर अडकू शकते.

एसईलिनक्सचा खरा उपयोग पॅकेज बसल्यानंतर होतो. वेब सर्व्हर ‘एचटीटीपीडी_टी’मध्ये कोंडलेला राहतो. मात्र ज्या सेवेसाठी धोरणच लिहिलेले नाही, ती बहुधा ‘अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी’मध्ये, म्हणजे मोकळीच चालते. पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या पिपला तर स्वतंत्र डोमेनही नाही; तुमच्या शेलला जेवढे अधिकार, तेवढे त्याला.

म्हणून राखण आधीच करायला हवी. सही तपासणारी ‘जीपीजीचेक’ सेटिंग बंद करू नका. अनोळखी पॅकेज बसवण्याआधी आरपीएमच्या ‘स्क्रिप्ट्स’ पर्यायाने आतल्या स्क्रिप्ट वाचा. शंका आली, तर ते व्हर्च्युअल मशीनमध्येच बसवून पाहा.